हेल्परचा टूल बॉक्स: रेडीमेड सेट, सुटी नवी हत्यारं की जुना बाजार?

प्लंबिंगच्या लाईनीत नवीन आलेली पोरं सारखं विचारतात, दादा हत्यारं एकदम सेटमध्ये घेऊ की एकेक करत घेऊ. मी स्वतः पुण्यात दिवसाला 450 रुपये हजेरीवर सुरू केलेलं, त्यातून खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे गेले की हातात काय राहतं ते मला चांगलं माहितीये, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक ठरवा, तुमचा मिस्त्री काम कुठलं करतो. वाकड, हिंजवडी, वाघोलीकडं नवीन बिल्डिंगच्या साईटवर असाल तर दिवसभर सीपीव्हीसी आणि पीव्हीसीच, म्हणजे प्लास्टिकचे पाईप, तिथं लागतो हॅक्सॉ (हाताची करवत), मेजर टेप, लेव्हल, मार्कर, आणि छिन्नी-हातोडा, पाईप पाना आठवड्यातून एकदा निघाला तर निघाला. पण पेठांमधल्या जुन्या बिल्डिंगांची रिपेरिंग असेल तर जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपाची लाईन आली, आणि तिथं पान्याशिवाय पान हलत नाही, तेही एक नाही दोन पाने. एकानं मागचं फिटिंग धरायचं आणि दुसऱ्यानं पुढचं फिरवायचं. एकाच पान्यानं जोर लावला की भिंतीच्या आतला पाईप पण फिरतो, आतला जॉइंट ढिला होतो आणि चार दिवसांनी खालच्या घरात ओल येते, मग टाईल फोडायचा खर्च कुणाच्या माथी येतो ते सांगायला नको.

आता रेडीमेड सेट. बॉक्समध्ये वीस-पंचवीस नग, दिसायला भारी, किंमत पण वाटते कमी. मी पहिल्या दिवाळीला हाच घेतला. त्यातले सॉकेट, बारके स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की वगैरे निम्म्या वस्तू मी आजपर्यंत वापरल्या नाहीत. आणि जो पाईप पाना होता तो सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर गंजलेला एल्बो (वळणाचा जोड) खोलताना सटकला, माझ्या बोटांची सालं भिंतीला लागून निघाली. संध्याकाळी जबड्यावरून अंगठा फिरवला तर दात गुळगुळीत, महिना पण झाला नव्हता. घरच्या वापराला, वर्षातून दोनदा काढायला तो सेट ठीक आहे, रोजच्या धंद्याला नाही.

सुटी नवी हत्यारं घ्यायची तर रविवार पेठेत बोहरी आळीला जा, चार दुकानं फिरा, भाव करा. टपारियासारख्या कंपनीचा 14 इंची पाना सेटमधल्या पान्यापेक्षा बराच महाग पडतो, पण 2 इंचापर्यंतच्या पाईपाला चालतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. माझा पहिला चांगला पाना अजून माझ्याकडेच आहे. त्याच्या जोडीला 10 इंची वॉटर पंप प्लायर घ्या, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, वेस्ट कपलिंगचे नट, सगळीकडे तोच लागतो. दर महिन्याला एक वस्तू, एवढा हिशोब हजेरीत बसतो.

हॅक्सॉची फ्रेम कुठलीही चालेल पण ब्लेड चांगलं हवं, जीआयला इंचाला 24 दातांचं घ्या. सीपीव्हीसीसाठी पोरं आधी रॅचेट कटर (कात्रीसारखं पाईप कापायचं हत्यार) घेतात, कारण झटकन कापतो, पण त्याचं पातं बोथट झालं की पाईपाला केसाएवढी चीर जाते आणि ती डोळ्याला दिसत नाही, टेस्टिंगला पाणी भरलं की कळते. त्यामुळे सुरुवातीला हॅक्सॉच बरा, काप सरळ घ्यायचा आणि कापलेल्या तोंडाची आतली-बाहेरची कूस कानशीनं काढायची.

जुना बाजार, मंगळवार पेठेतला, बुधवारी आणि रविवारी भरतो. ज्यानं ठोकायचं ते तिथून बिनधास्त घ्या, हातोडा, छिन्नी, ओळंबा, हॅक्सॉची फ्रेम, याच्यात जुनं झालं म्हणून काही बिघडत नाही, उलट जुनं लोखंड बऱ्याचदा जास्त दणकट असतं. ज्यानं पकडायचं ते मात्र नीट बघून. जाताना खिशात अर्ध्या इंची जीआयचा तुकडा ठेवा, पाना त्याच्यावर लावून दाबा, सटकला की परत ठेवा, दांडा वाकलाय का तेही बघा. लेव्हल घेणार असाल तर सपाट जागेवर ठेवून बुडबुडा बघायचा आणि मग तीच पट्टी उलट तोंडानं त्याच जागी ठेवायची. बुडबुडा दोन्ही वेळेला सारख्या जागी नसेल तर ती लेव्हल फुकट दिली तरी नको, ड्रेनेजचा उतार चुकतो.

चौथा रस्ता म्हणजे मिस्त्रीकडून उचल घेऊन सगळं एकदम घेणं. मला हा अजिबात पटत नाही. उचल फिटेपर्यंत हजेरी वाढवा म्हणायची सोय राहत नाही आणि दुसरीकडं चांगलं काम मिळालं तरी जाता येत नाही, मी दोन पोरांना असं वर्ष-वर्ष अडकलेलं बघितलंय. त्यापेक्षा मिस्त्रीचा जास्तीचा पाना मागून वापरा आणि संध्याकाळी पुसून परत द्या, कुणी नाही म्हणत नाही.

पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतल्या 15,000 रुपयांच्या टूलकिटबद्दल पण विचारतात. त्या योजनेत 18 व्यवसाय आहेत, सुतार, लोहार, गवंडी आहेत पण प्लंबर नाही, त्यामुळे फॉर्म भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ड्रिल-ब्रेकर पहिली दोन वर्षं भाड्यानंच आणायचं.

रिपेरिंगवाल्यानं माझं ऐकायचं तर पहिल्या महिन्यात नवा 14 इंची पाना, दुसऱ्यात प्लायर, मधल्या एका रविवारी जुन्या बाजारातून ठोकायची हत्यारं, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुसरा पाना. साईटवाल्यानं हॅक्सॉ आणि लेव्हलपासून सुरू करायचं. आणि वस्तू आणली त्याच दिवशी दांड्याला ऑइल पेंटचा पट्टा मारा, आपला एक रंग ठरवून, साईटवर चार जणांचे पाने एकाच ढिगात पडलेले असतात.