फुकटातला प्रॉडक्ट लाँच: कीनोट सोडा, लॅबला मात्र जा

ज्या कंपनीच्या लाँचला जाऊन आलो तिचं नाव लिहिणार नाहीये, कारण आमच्या ऑफिसचं त्यांच्याशी काँट्रॅक्ट चालू आहे आणि मला उगाच मॅनेजरसमोर बसायचं नाहीये. तसंही या सगळ्या लाँच इव्हेंटमध्ये बॅनर सोडला तर फरक फारसा नसतो, त्यामुळे पुढचं आमंत्रण दुसऱ्या कुणाचं आलं तरी हे वाचून उपयोग होईल. प्रॉडक्ट काय होतं तर क्लाउडवरचं मॅनेज्ड पोस्टग्रेस (डेटाबेस पोस्टग्रेस, सांभाळायचं काम त्यांचं), त्यात व्हेक्टर सर्च (नुसते शब्द न जुळवता अर्थाच्या जवळिकीवरून शोध), आणि वरून एक एआय असिस्टंट जो म्हणे तुमच्यासाठी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, लिहितो. पुण्यातलं नगर रोडवरचं मोठं हॉटेल, वर्किंग डे, सकाळी नऊ ते संध्याकाळ, एंट्री फ्री.

आता फ्री म्हणजे काय ते रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवरच कळतं. जीमेल चालत नाही, ऑफिसचाच मेल पाहिजे. मोबाईल नंबर कंपल्सरी. कंपनीत किती लोक, खरेदीचा निर्णय तुम्ही घेता का, येत्या सहा महिन्यांत डेटाबेस बदलायचा विचार आहे का, बजेट काय. अरे बाबा मी डेव्हलपर आहे, मला साधा दुसरा मॉनिटर मागायचा तरी तीन जणांचं अप्रूव्हल लागतं. शेवटी एक चौकोन, 'आम्ही आणि आमचे पार्टनर तुम्हाला संपर्क करू शकतो', त्यावर टिक केल्याशिवाय सबमिटचं बटण चालूच होत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने आणि विनाअट दिलेली असावी असं लिहिलंय, इथे तर टिक नाही तर एंट्री नाही. आमच्या टीममधल्या एकाने डेझिग्नेशनमध्ये खरं खरं 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' लिहिलं तर तो वेटलिस्टवर, दुसऱ्याने 'सोल्युशन आर्किटेक्ट' लिहिलं त्याला तासाभरात क्यूआर कोड. दोघं एकाच डेस्कला बसतात.

जायचं असेल तर मेट्रोनेच जा हे माझं प्रामाणिक मत. वनाजपासून रामवाडीपर्यंत सरळ लाइन आहे, रुबी हॉलच्या पुढचा तुकडा मार्च २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून कोथरूडच्या माणसाला कल्याणीनगर, येरवडा हा भाग एकदम जवळ वाटायला लागलाय, गाडीने गेलात तर येरवड्याच्या सिग्नललाच अर्धा कीनोट, म्हणजे सकाळचं मुख्य भाषण, होऊन जाईल, शिवाय हॉटेलचं पार्किंग 'फॉर इन्व्हायटीज' असं लिहून आधीच भरलेलं असतं. हिंजवडीहून आलेल्या लोकांची तोंडं बघूनच कळत होतं की ते कधी निघालेत.

बॅजची लाइन चांगली लांब होती पण चालू होती. बॅजवर रंगाच्या पट्ट्या, कस्टमर वेगळी, पार्टनर वेगळी, डेव्हलपर वेगळी. पुढच्या पाच-सहा रांगा सोफे टाकून राखीव, त्या कोणासाठी ते सांगायला नको. आपण मागे, खांबाच्या बाजूला, पण तिथे चार्जिंग पॉइंट होता त्यामुळे तक्रार नाही.

कीनोट. पाऊण तास उशिरा. आधी दीपप्रज्वलन, एसीच्या झोताखाली समई लावायची कल्पना ज्या कोणाची असेल त्याला नमस्कार, तीन साहेब आणि एक मॅडम आळीपाळीने काडी धरतायत आणि वात काही पेटत नाही. मग परदेशातल्या बड्या साहेबांचा रेकॉर्डेड व्हिडिओ, त्यात 'नमस्कार पुणे' आलं की टाळ्या. मग जवळजवळ तासभर तेच, डेटा हेच इंधन, प्रत्येक कंपनी आता एआय कंपनी, स्लाइडवर बाण आणि ढग. मला त्यात एकही गोष्ट अशी सापडली नाही की जी त्यांच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर नाहीये.

मग लाइव्ह डेमो, ज्यासाठी निम्मे लोक आले होते. असिस्टंटला साध्या इंग्लिशमध्ये विचारलं, गेल्या तिमाहीतले टॉप ग्राहक दाखव, आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहिलं. फिरतंय, फिरतंय. शेवटी प्रेझेंटर म्हणाला की नेटवर्क स्लो आहे म्हणून रेकॉर्डिंग दाखवतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये अर्थातच सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. डेमो फसणं यात मला काही वाटत नाही, १९९८ मध्ये विंडोज ९८ च्या डेमोत खुद्द बिल गेट्सशेजारी स्कॅनर जोडल्यावर निळा स्क्रीन आला होता आणि त्यांनी स्टेजवरच म्हटलं होतं की म्हणूनच हे अजून बाजारात आणलेलं नाही, लोक हसले, विषय संपला. इथे एवढंही कोणी म्हटलं नाही, 'ॲज यू कॅन सी' म्हणून पुढे गेले. आम्हाला काय दिसलं ते आम्हाला माहीत.

आणि खरी गोम वेगळीच. स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात, राखाडी अक्षरात, 'पब्लिक प्रिव्ह्यू'. म्हणजे ज्याचा लाँच म्हणून आपण रजा टाकून आलो ते अजून जनरल अव्हेलेबल, म्हणजे सगळ्यांसाठी पक्कं सुरू झालेलं, नाहीच, प्रिव्ह्यूला एसएलए (सेवा चालू राहण्याची लेखी हमी) नाही, प्रोडक्शनमध्ये वापरू नका असं त्यांचंच डॉक्युमेंट सांगतं. हे काही आजचं नाही म्हणा. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००८ मध्ये विंडोज सर्व्हर, व्हिज्युअल स्टुडिओ आणि एसक्यूएल सर्व्हर २००८ यांचा एकत्र मोठा लाँच केला होता आणि त्यातला एसक्यूएल सर्व्हर प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये आला. लग्न आधी आणि नवरदेव नंतर, ही या धंद्याची जुनीच रीत आहे. त्यामुळे कुठल्याही लाँचला गेलात तर पहिली नजर त्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर टाका, बाकी स्लाइड नंतर बघा.

कीनोटनंतर प्रश्नोत्तरं नव्हती. 'बूथवर भेटा'. बूथवर गेलो तर तिथे सेल्सची मंडळी, अतिशय गोड बोलणारी, आणि प्रत्येकाच्या हातात बॅज स्कॅन करायचं यंत्र. माझ्या पुढे एक पेमेंट कंपनीतला होता, त्याने एकच विचारलं की हे मुंबई रीजनमध्ये, म्हणजे त्यांच्या मुंबईतल्या डेटा सेंटर्सवर, आहे का. उत्तर आलं, रोडमॅपवर आहे, म्हणजे पुढे कधीतरी. झालं, तो तिथूनच वळला, कारण रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे पेमेंटचा डेटा भारतातच साठवावा लागतो, मग तो असिस्टंट कितीही हुशार असला तरी त्याच्या काय कामाचा. आणि गंमत बघा, क्लाउडवाल्यांची भारतात डेटा सेंटर्स नाहीत अशातला भाग नाही, ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं 'सेंट्रल इंडिया' रीजन तर आपल्या पुण्यातच आहे, २०१५ पासून. पुण्यात येऊन लाँच करताय आणि पुण्याच्या माणसाला वापरता येत नाही, याला काय म्हणायचं.

स्वॅगबद्दल, म्हणजे फुकट वाटलेल्या वस्तूंबद्दल, दोन ओळी. टीशर्ट फक्त एक्सएल उरलेले. मोजे बरे आहेत. बाटलीसाठी चार बूथवर बॅज स्कॅन करून शिक्के गोळा करायचे होते, मी केले नाहीत, लोक करत होते.

जेवण चांगलं होतं, उगाच नावं ठेवणार नाही. पनीर, डाळ, जिरा राइस, जैन काउंटर वेगळा, गरम गुलाबजाम. पण रांग बघून पोटात गोळा आला, आणि मेन गोष्ट म्हणजे लॅब, म्हणजे स्वतः हाताने करून बघायचं सत्र, दीडला सुरू होणार आणि जागा मोजक्या, 'आधी येईल त्याला'. तेव्हा जेवायचं असेल तर शेवटचं पार्टनर सेशन सोडून आधीच ताट घ्या. त्या सेशनमध्ये काय होतं ते मला माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते झोपले होते.

आता लॅब. यासाठी मात्र मनापासून पूर्ण मार्क. तळमजल्यावर एक छोटा हॉल, स्टेज नाही, दिवे नाहीत, गोल टेबलं, आणि शिकवणारे दोघं खरेखुरे इंजिनिअर, टीशर्टवर इस्त्री नाही यावरूनच ओळखू आले. सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं नेहमीप्रमाणे कनेक्ट होण्यातच गेली, कारण बहुतेकांकडे ऑफिसचा लॅपटॉप आणि त्यात पोस्टग्रेसला जोडायला लागणारा ५४३२ पोर्ट ब्लॉक. त्यांनी मग सगळ्यांना ब्राउझरमधला एसक्यूएल एडिटर दिला आणि काम सुरू झालं. तुम्ही जाणार असाल तर घरचा लॅपटॉप न्या आणि मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, हॉटेलच्या वायफायवर भिस्त ठेवू नका.

आत बघितलं तर त्यांचं व्हेक्टर सर्च म्हणजे ओपन सोर्स पीजीव्हेक्टरच (पोस्टग्रेसला जोडायचं एक एक्स्टेन्शन), त्यावर त्यांचं मॅनेजमेंटचं वेष्टण. हे कीनोटमध्ये एकदाही बोलले नाहीत, लॅबमध्ये त्या इंजिनिअरने पहिल्याच मिनिटात सांगून टाकलं. मी त्याला आमची दुखती नस विचारली, की दादा आम्ही एचएनएसडब्ल्यू इंडेक्स (सगळ्या ओळी न तपासता जवळचे निकाल पटकन काढणारी रचना) लावलाय, नुसतं सर्च केलं तर निकाल बरोबर येतात पण व्हेअर, म्हणजे अट, लावून एखाद्या कॅटेगरीपुरतं शोधलं की दहा मागितले तर तीन-चारच येतात, बाकीचे कुठे जातात. तो हसला, म्हणाला हे सगळ्यांनाच चावतं. या इंडेक्समध्ये फिल्टर नंतर लागतो, आधी इंडेक्स जवळचे उमेदवार काढतो, ते डिफॉल्टला चाळीस, आणि तुमची कॅटेगरी दहा टक्के ओळींत असेल तर त्या चाळीसातले सरासरी चारच उरणार. मग त्याने माझ्यासमोर ईएफ सर्च, म्हणजे तो चाळीसचा आकडा, वाढवून दाखवलं, वेळ किती वाढतो तेही दाखवलं, आणि मग पीजीव्हेक्टरच्या ०.८ आवृत्तीपासून आलेलं इटरेटिव्ह स्कॅन चालू करून दाखवलं, ज्यात पुरेसे निकाल मिळेपर्यंत किंवा ठरवलेली मर्यादा येईपर्यंत तो इंडेक्स पुढे चाळत राहतो. त्याच त्याच कॅटेगरी असतील तर पार्शल इंडेक्स, म्हणजे तेवढ्याच ओळींचा वेगळा इंडेक्स, कर, म्हणाला. आमच्याकडे हा बग कित्येक दिवस 'डेटा क्वालिटी इश्यू' म्हणून टेस्टिंगवाल्यांच्या गळ्यात पडला होता! एवढ्या एका उत्तरासाठी माझी रजा वसूल.

शेजारच्या मुलीने त्याहून भारी प्रयोग केला. सॅम्पल डेटामध्ये कपडे-चपलांची वर्णनं होती, सगळी इंग्लिशमध्ये, तिने सर्चमध्ये मराठीत टाइप केलं, 'पावसात घालायची चप्पल'. पहिल्या मॉडेलवर (वाक्याचा अर्थ आकड्यांत बदलणारं एआय) काहीच्या काही आलं, वर एक लोकरीचा स्वेटर. मॉडेल बदलून बहुभाषिक घेतलं तर रबरी सँडल पहिल्या नंबरवर. इंजिनिअरच खूश झाला. मग त्याने टोकन, म्हणजे मॉडेल वाक्याचे जे तुकडे पाडतं ते, मोजून दाखवले, तेच वाक्य देवनागरीत लिहिलं की इंग्लिशपेक्षा बरेच जास्त तुकडे पडतात, आणि बिल तुकड्यांवर असतं, म्हणजे मराठी ग्राहकासाठी सर्च बनवायचं तर तोच हिशोब महाग पडतो. हे कुठल्याही स्लाइडवर नव्हतं. खरं तर कीनोटमध्ये 'भारत' हा शब्द इतक्या वेळा आला की एखादी स्लाइड यावर चालली असती.

किमतीचं विचारलं तर इंजिनिअर म्हणाला ते मी नाही सांगू शकत, वर विचारा. वर विचारलं तर म्हणे, तुमच्या वर्कलोडवर अवलंबून आहे, आपण एक कॉल लावूया.

आणि कॉल आले. दुसऱ्याच दिवसापासून, कंपनीचे कमी आणि पार्टनरचे जास्त, साध्या मोबाईल नंबरवरून, त्यामुळे डीएनडी लावलेलं असूनही येतातच. एकाने तर मला 'सर, तुमची टीम डेटाबेस मायग्रेशन करतेय असं कळलं' म्हणून सुरुवात केली, अहो कुठून कळलं, मी फॉर्ममध्ये 'नाही' लिहिलं होतं. मी मेल टाकला की संमती मागे घेतोय, कायद्यात संमती काढणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे असं आहे. मूळ कंपनीचे मेल बंद झाले, पार्टनर अजून चालू आहेत. दुसरं सिम असेल तर तोच नंबर द्या.

मग जावं का? तुम्ही पोस्टग्रेसवर रोज काम करत असाल आणि डोक्यात एखादा अडलेला प्रश्न असेल तर जा, थेट लॅबच्या वेळेला पोचा, सकाळचं काहीही चुकत नाही. नवीन पास झालेल्यांनीही जायला हरकत नाही, रांगेत ओळखी होतात, माझ्यासमोर दोन जणांनी रेफरलसाठी रेझ्युमे पाठवले. पण प्रॉडक्ट घ्यायचं की नाही हे ठरवायला जाणार असाल तर नको, किंमत, रीजन, एसएलए यातलं एकही तिथे कळलं नाही, ते घरी बसून डॉक्युमेंट वाचून लवकर कळतं. मॅनेजरला सोबत नेऊ नका, तो कीनोट बघून परत येतो आणि सोमवारी आपल्याला कामाला लावतो.

लॅबचा कोड आणि स्लाइड मेलवर आल्यात, स्लाइड उघडायची गरज नाही, कोड नीट आहे. लॅबसाठी दिलेलं क्रेडिट महिनाभरच चालतं आणि त्यानंतर बिलिंग आपोआप सुरू होतं, तेव्हा कार्ड टाकलं असेल तर इन्स्टन्स, म्हणजे लॅबमध्ये तुमच्या नावाने चालू केलेला डेटाबेस, नुसता बंद करू नका, डिलीट करा, बंद ठेवलेल्या इन्स्टन्सच्या स्टोरेजचे पैसे लागत राहतात.