वायुसेनेच्या नव्वदीचं ‘चांदीचं नाणं’ आणि आम्ही पंधरा जण

हे लिहायला मला फार वेळ लागला. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ज्या चौदा जणांनी पैसे दिले, त्यांच्यापुढे तो विषय पुन्हा काढायला जीभ रेटत नव्हती. गेल्या महिन्यात माजी सैनिकांच्या एका ग्रुपवर आम्हाला आला होता तसाच, ‘सरकारी चांदीचं स्मारक नाणं’ विकणारा मेसेज पाहिला. दल दुसरं, वर्ष दुसरं, पण फोटोतली डबी तीच. मग गप्प बसवेना.

मी वायुसेनेत २४ वर्षं काढली. ट्रेड एअरफ्रेम फिटर, शेवटची पोस्टिंग नाशिकजवळ ओझरला, ११ बेस रिपेअर डेपोत. २००७ साली वायुसेनेला ७५ वर्षं झाली तेव्हा मी तिथेच होतो. त्या वर्षी सरकारनं प्लॅटिनम ज्युबिलीची नाणी काढली होती, एक दोन रुपयांचं आणि एक शंभराचं. दोन रुपयांचं मला कँटीनमध्ये सुट्ट्या पैशांत मिळालं. ते तेव्हाच वेगळं काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं, कधी खर्चलं नाही. शंभराचं चांदीमिश्रित नाणं मात्र घ्यायचं राहून गेलं. मुलीची फी होती, घराचा हप्ता होता. ती रुखरुख कायम राहिली.

८ ऑक्टोबर २०२२ ला वायुसेनेला नव्वद वर्षं पूर्ण झाली. त्या वर्षीचा कार्यक्रम नेहमीच्या, दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळाऐवजी चंदीगडला झाला, सुखना तलावावरून विमानं गेली. आम्ही सगळे जुने लोक टीव्हीसमोर बसून एकमेकांना फोन करत होतो. तीन-चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर मेसेज आला: ‘भारतीय वायुसेना ९० वर्षे. भारत सरकारचे स्मारक नाणे. शुद्ध चांदी, ४० ग्रॅम, ४४ मिलिमीटर. माजी सैनिकांसाठी राखीव कोटा. किंमत ४,९९० रुपये. यातील काही रक्कम वीरपत्नींच्या कल्याणासाठी.’ खाली फोन नंबर.

मी फोन केला. समोरचा मुलगा मराठीच बोलत होता, सुरुवातच ‘जय हिंद सर’ अशी. माझा ट्रेड विचारला, कुठल्या युनिटला होतो ते विचारलं, ‘सर, तुमच्यामुळे आम्ही शांत झोपतो’ म्हणाला. मग कोट्यासाठी पडताळणी करायची म्हणून माजी सैनिक ओळखपत्राचा आणि डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागितला. मी दोन्ही पाठवले. कोटा म्हटलं की कागद मागणारच, असं मला वाटलं. आयुष्यभर कँटीन कार्डापासून पेन्शनपर्यंत सगळीकडे कागद दाखवतच आलो होतो.

आठवड्याभरात कुरिअर आलं. मरून रंगाची मखमली डबी, आत निळं सॅटिन, पारदर्शक कॅप्सूलमध्ये नाणं, सोबत होलोग्राम लावलेलं प्रमाणपत्र. नाण्यावर मधोमध मोठा आकडा ९०, वर झेपावणारं विमान, कडेनं वायुसेनेचं ब्रीदवाक्य. हातात घेतलं आणि डोळ्यांत पाणी आलं. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. ते नाणं मी चौरंगावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं.

मी काहीच तपासलं नाही असं नाही. चुंबक लावून पाहिला, चिकटला नाही. चांदीला चुंबक चिकटत नाही, म्हणजे खरं असणार, असं मी धरून चाललो. हे नीट लक्षात घ्या, कारण अजूनही लोक हीच परीक्षा सांगतात. चुंबक पितळेला चिकटत नाही, तांब्याला चिकटत नाही, जर्मन सिल्व्हर म्हणतात त्या, चांदीसारख्या दिसणाऱ्या पण चांदी नसलेल्या मिश्रधातूलाही चिकटत नाही. चुंबक चिकटला तर चांदी नाही एवढंच कळतं, नाही चिकटला तर काहीच कळत नाही. माझ्याकडचं दोन रुपयांचं अस्सल सरकारी नाणं मात्र टपकन चिकटायचं, कारण ते स्टीलचं आहे.

पाडवा-भाऊबीजेला जुने सहकारी फराळाला येतात. डबी हातोहात फिरली. प्रत्येकाला हवं झालं. मी त्या मुलाला फोन लावला तर म्हणाला, ‘सर, दहाच्या वर घेतलीत तर ४,५०० ला देतो, पण पैसे आगाऊ लागतील, कोटा संपत आलाय.’ चौदा जणांचे ६३,००० रुपये माझ्या खात्यात जमा झाले आणि ते मी दोन हप्त्यांत स्कॅन करून पाठवले. स्कॅन केल्यावर पडद्यावर भारत सरकार नव्हतं, टांकसाळ नव्हती, कुणा एका माणसाचं नाव आलं. मी विचारलंही. ‘ते आमचे अधिकृत वितरक आहेत सर.’ तिथेच हात आखडायला हवा होता.

त्या चौदांत एक वहिनी होत्या. त्यांचे यजमान माझ्याच बॅरेकमधले, २०२० साली गेले. त्यांना ते नाणं फोटोच्या चौकटीत खाली बसवायचं होतं, त्यासाठी सुताराला चौकटीत खाच पाडायलाही सांगून आल्या होत्या.

आधी ‘पुढच्या सोमवारी डिस्पॅच’, मग ‘टांकसाळीत माल संपला, नवी बॅच येतेय’, मग फोन उचलायचा बंद, मग नंबरच बंद. वहिनींचा दर दोन दिवसांनी फोन यायचा, ‘भाऊजी, आलं का हो?’

आमच्या शेजारी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना डबी दाखवली. त्यांनी कॅप्सूल उघडून नाणं पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि विचारलं, ‘हे किती रुपयांचं आहे?’

मला उत्तर देता आलं नाही. त्यावर ९० होतं, पण रुपये कुठेच नव्हतं. सिंहांची आकृती होती, पण खाली सत्यमेव जयते नव्हतं. भारत आणि इंडिया ही नावंही नव्हती. काका म्हणाले, ‘ज्याच्यावर किंमत नाही ते नाणं नव्हे. हे बिल्ला म्हण, पदक म्हण.’ मग त्यांनी ब्रीदवाक्यावर बोट ठेवलं. आमचं ब्रीद गीतेच्या अकराव्या अध्यायातलं आहे, नभःस्पृशं दीप्तम्. २४ वर्षं ते मी टोपीवरच्या चिन्हापासून ऑफिसच्या भिंतीपर्यंत रोज पाहिलं. त्या तुकड्यावर कोरलं होतं ‘नभः स्पर्शं दीप्तम्’. लक्ष्मीपूजनाला मी त्याच अक्षरांवर कुंकू वाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सराफ बाजारात गेलो. व्यास मी घरीच व्हर्नियरनं मोजला होता, बरोबर ४४ मिलिमीटर. सराफाच्या काट्यावर वजन भरलं ३१.२ ग्रॅम. मी त्यांना विनंती करून पाण्याचा पेला काट्यावर ठेवायला लावला, काटा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधून ते पाण्यात बुडवून धरलं, तळाला न टेकवता. काट्यानं ३.७ ग्रॅम दाखवलं. हे नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, आणि एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घन सेंटीमीटर, म्हणजे नाण्याचं आकारमान ३.७ घन सेंटीमीटर. ३१.२ ला ३.७ नं भागलं की येतात ८.४ आणि काही. चांदीची घनता साडेदहाच्या आसपास असते, पितळेची साडेआठच्या. पितळेवर चांदीचा पातळ मुलामा, एवढाच तो ऐवज. या सगळ्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. दिवाळीआधी केलं असतं तर चौदा जणांचे पैसे वाचले असते. सराफाकडे जाणं जमत नसेल तर घरातला बारीक काटाही चालतो. चांदीचं म्हणून भरीव नाणं कुणी फोनवरून विकलं असेल तर पाण्यात वजन करून पाहा, कसोटीचा दगडही लागत नाही आणि वस्तूला ओरखडाही पडत नाही.

नाणं निघतं कसं, ते मला नंतर काकांनी समजावलं आणि मग मी स्वतः वाचून घेतलं. ते आधी माहीत असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. नाणी काढायचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा, २०११ च्या नाणे कायद्याखाली. कुठल्याही दलाच्या, संस्थेच्या वर्धापनदिनाचं नाणं काढायचं तर अर्थ मंत्रालय भारताच्या राजपत्रात अधिसूचना छापतं. त्यात किती रुपयांचं नाणं, कुठला धातू किती टक्के, वजन, व्यास, कडेला दाते किती, दोन्ही बाजूंना काय लिहिलेलं असेल, सगळं दिलेलं असतं. राजपत्र इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतं. जानेवारी २०२३ मध्ये एनसीसीच्या ७५ वर्षांचं ७५ रुपयांचं नाणं पंतप्रधानांनी दिल्लीच्या करिअप्पा मैदानावर प्रकाशित केलं. मे २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं आलं: ४४ मिलिमीटर, ३५ ग्रॅम, निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीचं ९० रुपयांचं १ एप्रिल २०२४ ला आलं, ते जवळजवळ शुद्ध चांदीचं, ४० ग्रॅमचं. आमच्या डबीतल्या नाण्याची अधिसूचना मी आणि मुलीनं दोन संध्याकाळ शोधली. नव्हती.

अशी मोठी नाणी बाजारात फिरत नाहीत. टांकसाळ स्वतःच्या संकेतस्थळावर नोंदणी घेऊन ती विकते. ७५ रुपयांचं नाणं ७५ रुपयांना मिळत नाही, चांदी आणि घडणावळ धरून कितीतरी जास्त पडतं. म्हणूनच ४,९९० हा आकडा मला खटकला नाही. महाग आहे म्हणून खोटं ठरत नाही आणि स्वस्त आहे म्हणून संधी ठरत नाही. छापाही पाहावा. मुंबईच्या टांकसाळीची खूण म्हणजे वर्षाखाली छोटा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूण नसते. आमच्या तुकड्यावर मुळात वर्षाखाली काही असायला वर्षच नव्हतं.

खासगी कारागिरानं पदक काढून पदक म्हणूनच विकलं तर माझी तक्रार नाही. आमच्या युनिटच्या मेळाव्याला आम्हीही अशी पदकं करून घेतली आहेत. राग आहे तो सरकारी नाणं म्हणून, वीरपत्नींचं नाव लावून विकण्याचा. एका वीराच्या पत्नीलाच त्यांनी तसं फसवलं.

१९३० या सायबर हेल्पलाइनला मी फोन केला तेव्हा पैसे जाऊन १९ दिवस झाले होते. लाज वाटत होती म्हणून थांबलो होतो. पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली. ज्या खात्यात पैसे गेले त्यात तोवर जेमतेम काही शिल्लक होतं, तेवढं गोठवलं गेलं. पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते, असं तिथल्या हवालदारांनी सांगितलं. लाज वाटली तरी फोन त्याच दिवशी करा, घरच्यांना नंतर सांगा.

हे इथे संपलं नाही. जानेवारीत दुसऱ्या नंबरवरून फोन आला. माझं नाव, सर्व्हिस नंबर, युनिट, सगळं त्याला ठाऊक. म्हणाला, ‘रिझर्व्ह बँकेतून बोलतोय. तुमच्याकडे २००७ चं वायुसेनेचं दोन रुपयांचं नाणं आहे ना? त्याचे तीन लाख मिळतील, तुमचं झालेलं नुकसान भरून निघेल. फक्त नोंदणीचे २,१५० रुपये भरा.’ त्या नाण्याचं मी ‘जय हिंद सर’ म्हणणाऱ्या त्या पहिल्या विक्रेत्या मुलाला गप्पांच्या ओघात सांगितलं होतं. माझे कागद आणि माझं बोलणं, दोन्ही पुढे विकलं गेलं होतं. एकदा फसलेला माणूस घायकुतीला आलेला असतो, हे या लोकांना पक्कं माहीत असतं. आपण जुनी नाणी-नोटा विकत घेत नाही आणि त्यासाठी कुणाकडून शुल्क किंवा दलाली मागत नाही, हे रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलेलं आहे. दोन रुपयांचं ते नाणं चलनासाठी काढलेलं आहे, नाणी जमवणाऱ्या कुणालाही विचारा, त्याची किंमत लाखांत नाही.

मी मुदत ठेव मोडली आणि एकेकाच्या घरी जाऊन पैसे दिले. काहींनी घेतले, काहींनी हातात परत कोंबले, ते पाकीट मी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. एका मित्रानं दार उघडून पाकीट घेतलं आणि आत न बोलावता दार लावलं. त्याचं काही चुकलं नाही.

वहिनींच्या भिंतीवरच्या चौकटीत सुतारानं पाडलेली खाच तशीच रिकामी होती. माझ्या खिशात दोन रुपयांचं नाणं होतं. ते त्या खाचेच्या मानानं फार लहान निघालं, तर वहिनींनी मागे पुठ्ठा लावून, त्याला गोल भोक पाडून ते बसवलं.

मरून मखमलीची, आत निळं सॅटिन असलेली डबी तुमच्याकडेही आली असेल तर रागाच्या भरात ती फेकू नका. डबी, प्रमाणपत्र, कुरिअरचं स्टिकर, पैसे भरल्याची पावती आणि व्हॉट्सॲपवरचं संभाषण जपून ठेवा. आमच्या तक्रारीत पोलिसांनी पहिल्यांदा कुरिअरचं स्टिकरच मागितलं आणि ते मी दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्यात टाकलं होतं.