चिठ्ठी वाचून औषध देणारं मेडिकल

कोथरूडमध्ये आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलबद्दल लिहितेय. इथे सूट फारशी मिळत नाही, ॲपवर यापेक्षा स्वस्त पडतं. तरीही ह्यांची सगळी औषधं मी इथूनच घेते, ती काउंटरवरच्या फार्मासिस्ट मॅडममुळे.

ह्यांना संधिवात आहे, मेथोट्रेक्झेट चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात, तोंडात फोड येतात, जिवावरही बेतू शकतं. पहिल्यांदा गोळ्या घेतल्या तेव्हा मॅडमनी विचारलं, "काकू, कुठल्या वारी देणार?" मी रविवार म्हटलं. त्यांनी पाकिटावर मार्करनं 'फक्त रविवार' लिहिलं, सोबत दिलेल्या फॉलिक ॲसिडच्या (हे एक जीवनसत्त्व) पाकिटावर 'सोमवार', आणि मग माझ्याकडून ते सगळं वदवून घेतलं. एका वेळी चारच आठवड्यांच्या गोळ्या देतात, घरात जास्तीच्या नकोत म्हणून.

गेल्या पावसाळ्यात ह्यांना लघवीचा संसर्ग झाला. दुसऱ्या डॉक्टरांनी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. चिठ्ठी बघून मॅडम थांबल्या. "काकांचं मेथोट्रेक्झेट चालूच आहे ना?" ही दोन्ही औषधं शरीरात फॉलिक ॲसिडच्याच कामात आडवी येतात, शिवाय मेथोट्रेक्झेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडायलाही वेळ लागतो, असं त्यांनी समजावलं. दोन्ही एकत्र गेली तर अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणंच मंदावतं. पण स्वतःच्या मनानं दुसरी गोळी काही त्यांनी दिली नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, डॉक्टरांनी औषध बदललं, नवी चिठ्ठी मोबाइलवर आली, मगच पिशवी हातात दिली. मी याला जबाबदारी म्हणते.

एकदा माझ्यापुढचे गृहस्थ चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम हे अँटिबायोटिक मागत होते, आवाजही चढला त्यांचा. मॅडमनी शांतपणे नाही म्हटलं. हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहावं लागतं, ती वही तीन वर्षं जपावी लागते. गिऱ्हाईक गेलं तर गेलं!

२०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत फार्मासिस्टसाठी पाच वर्षांतून किमान एकेका दिवसाचे दोन उजळणी वर्ग सांगितले आहेत. मला हे फारच तोकडं वाटतं. नवी औषधं बाजारात येतच असतात. मॅडम दुपारी गर्दी नसली की वाचत बसलेल्या दिसतात, दम्याच्या पेशंटकडून इनहेलर ओढून दाखवून घेतात, चुकलं तर पुन्हा करायला लावतात. हे कौशल्य सरावानंच येतं, आणि मालकानं तेवढा वेळ द्यायला हवा. इथले मालक तो देतात.

एक तक्रार आहे. बोलायला आडोसा नाही. बायकांच्या तक्रारी, मानसिक आजाराच्या गोळ्या, सगळं रस्त्याकडेच्या काउंटरवर, मागच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलावं लागतं. आत एक खुर्ची आणि पडदा टाकता येईल एवढी जागा नक्की आहे, मालकांनी मनावर घ्यावं.

संध्याकाळी सातनंतर गर्दी असते. मॅडम जेवायला गेल्या असल्या तर दुकानात कामाला असलेली मुलं चिठ्ठीवरची औषधं देत नाहीत, थांबायला सांगतात. थांबा. पहिल्यांदा जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा, त्या सगळं विचारतात.