बारावीचं इको एफवायला कामी येतं का? बोर्डाचं पुस्तक आणि दादरचा ब्रिज कोर्स, दोन्ही वापरून लिहितेय

बारावीचा रिझल्ट लागल्यापासून माझी मावसबहीण रोज एकच विचारतेय, ताई मला इकोमध्ये ८७ आहेत मग एफवायला, म्हणजे डिग्रीच्या पहिल्या वर्षाला, इको सोपंच जाईल ना? आणि मावशीचं वेगळंच, दादरला तो ब्रिज कोर्स, म्हणजे बारावीनंतर एफवायच्या तयारीचा क्लास आहे, त्याला घालू का हिला, सहा रविवार, साडेचार हजार. दोघींना फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून झालं, आता एकदाच नीट लिहून काढते म्हणजे अजून कोणाला हा प्रश्न पडला असेल तर त्यांनाही वाचता येईल. मी मराठी माध्यमातून बारावी आर्ट्स केलं, इको होतं, मार्क चांगले होते, मग फोर्टकडच्या एका कॉलेजात बीएला इको घेतलं आणि त्याआधीच्या सुट्टीत तो ब्रिज कोर्सपण केला. आता एसवायला आहे. क्लासचं नाव आणि कॉलेजचं नाव लिहीत नाहीये, कारण मला कोणाला बदनाम करायचं नाही, आणि असे क्लास दादर, ठाणे, बोरिवली सगळीकडे आहेत.

आधी पुस्तकाबद्दल. बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक मला मनापासून आवडतं, अजून कपाटात आहे. सूक्ष्म-स्थूलची ओळख, उपयोगिता, मागणी आणि तिची लवचिकता, पुरवठा, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त, नाणे बाजार-भांडवल बाजार, विदेशी व्यापार, एवढं सगळं एका पातळ पुस्तकात आहे. एफवायच्या पहिल्या महिन्यात मॅडम जे जे शिकवत होत्या ते ते ओळखीचं वाटत होतं. बाजूला सायन्समधून आलेली मैत्रीण बसायची, ती मला हळूच विचारायची की इन्फिरिअर गुड म्हणजे खराब वस्तू का, आणि मी सांगायचे की नाही गं, उत्पन्न वाढलं की जिची मागणी कमी होते ती, कनिष्ठ वस्तू. तेव्हा मला खरंच वाटलं की अर्धं वर्ष आपलं झालेलंच आहे.

इथे मराठी माध्यमवाल्यांसाठी एक गोष्ट, ही मला कोणी सांगितली नव्हती. आपल्याला विषय येत असतो पण शब्द येत नसतात. लेक्चरमध्ये मार्जिनल युटिलिटी ऐकलं की डोक्यात काहीच पेटत नाही आणि दोन मिनिटांनी कळतं की अरे ही तर आपली सीमांत उपयोगिता, एक नग जास्त घेतल्यावर मिळणारं जादा समाधान, तोपर्यंत मॅडम पुढे गेलेल्या असतात. ओपोर्च्युनिटी कॉस्ट म्हणजे वैकल्पिक खर्च, इक्विलिब्रिअम म्हणजे समतोल, इलॅस्टिसिटी म्हणजे लवचिकता. मी काय केलं तर बालभारतीच्या साइटवरून बारावीचं इंग्लिश पुस्तक पीडीएफमध्ये घेतलं, फुकट मिळतं, आणि आपलं मराठी पुस्तक शेजारी ठेवून वाचलं. धडे तेच, आकृत्या त्याच, त्यामुळे डिक्शनरी लागतच नाही. पंधरा दिवसात शब्दांची भीती गेली. या एका कामासाठी तरी पुस्तक रद्दीत देऊ नका, प्लीज.

आता जिथे अडकले ते. ऑगस्टमध्ये पहिली क्लास टेस्ट झाली, त्यात एक प्रश्न होता जो मी कधीच विसरणार नाही. पावसाने साठवलेला कांदा सडला आणि त्याच वेळी चातुर्मास लागला म्हणून बऱ्याच घरांत कांदा बंद झाला, तर कांद्याची समतोल किंमत (मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात ती) आणि नगसंख्या यांचं काय होईल? दहा मार्क. मी दीड पान लिहिलं. मागणीची व्याख्या, मागणीचा नियम, गृहीतके, अपवाद, गिफेनचा विरोधाभास, वृद्धी-ऱ्हास आणि विस्तार-संकोच यांतला फरक सुद्धा लिहिला. तीन मार्क मिळाले. तपासलेले पेपर परत द्यायच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, तुला सगळं माहितीये पण तू उत्तरच दिलं नाहीस, आकृती कुठेय?

उत्तर चार ओळींचं होतं. पुरवठा कमी झाला म्हणून पुरवठा वक्र डावीकडे, मागणी कमी झाली म्हणून मागणी वक्रपण डावीकडे. दोन्ही वेळा नगसंख्या घटते, म्हणजे नगसंख्या नक्की घटणार. पण किंमत एकीने वर जाते आणि दुसरीने खाली येते, म्हणून किंमतीचं काय होईल ते कुठला वक्र जास्त सरकला त्यावर ठरणार, दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. बस. आणि ‘सांगता येत नाही’ हेच बरोबर उत्तर असू शकतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बारावीला आम्हाला फरक स्पष्ट करा, सहमत-असहमत सकारण लिहा, संकल्पना ओळखा असं विचारायचे, त्याची तयारी पाठ करून होते आणि माझी तशीच झाली होती. त्यात चूक विषयाची नाही, मी आकृतीला उत्तराच्या शेवटी काढायचं चित्र समजत होते, तर इथे आकृतीच उत्तर होती.

दुसरं उदाहरण लवचिकतेचं, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते त्याच्या मापाचं, कारण यात तर आपण बारावीवाले एकदम निवांत असतो. शेकडेवारी पद्धत, एकूण खर्च पद्धत, बिंदू पद्धत, तिन्ही तोंडपाठ. मे २०२५ मध्ये बेस्टचं साध्या बसचं कमीत कमी भाडं ५ वरून १० झालं ते आठवत असेल. समजा, फक्त गणितापुरतं, १०० प्रवाशांचे ८० झाले. बारावीच्या पद्धतीने भाडं १०० टक्के वाढलं, प्रवासी २० टक्के घटले, लवचिकता ०.२. आता उलटं करा, भाडं १० वरून ५ आणि प्रवासी ८० वरून १००. भाडं ५० टक्के कमी, प्रवासी २५ टक्के जास्त, लवचिकता ०.५! तेच दोन बिंदू, तीच बस आणि उत्तरं दोन. एफवायला म्हणून मिडपॉइंट मेथड शिकवतात, भागायला सुरुवातीचा आकडा न घेता दोघांची सरासरी घ्यायची, मग २० भागिले ९० आणि ५ भागिले ७.५, कुठूनही मोजा साधारण ०.३३ येतं. मला हे कळलं तेव्हा दोन वर्षं जे सूत्र लिहीत होते त्याच्याकडे मी पहिल्यांदा नीट बघितलं असं वाटलं.

आणि याच्या पुढची गोष्ट तर माझी सगळ्यात लाडकी आहे. बारावीत आपण पाठ करतो की सरळ मागणी रेषेच्या बरोब्बर मध्यावर लवचिकता एक असते, आणि वेगळ्या उत्तरात पाठ करतो की किंमत बदलून एकूण खर्च तेवढाच राहिला तर लवचिकता एक. ही दोन वेगवेगळी उत्तरं म्हणून. एफवायला एक साधं समीकरण दिलं, किंमत = २० वजा नग. किंमत १२ ठेवली तर ८ नग, हातात ९६ रुपये. किंमत ८ ठेवली तर १२ नग, परत ९६. किंमत १० ठेवली तर १० नग, १०० रुपये, याच्यापेक्षा जास्त कुठेच येत नाहीत. म्हणजे मध्यबिंदूवर गिऱ्हाइकाचा एकूण खर्च सगळ्यात जास्त, आणि गिऱ्हाइकाचा खर्च म्हणजेच दुकानदाराची प्राप्ती, आणि तिथेच सीमांत प्राप्ती, म्हणजे एक नग जास्त विकून वाढणारी प्राप्ती, शून्य. तिथे किंमत जराशी हलवली तरी खर्च जवळपास तेवढाच राहतो, म्हणजे लवचिकता एक. लवचिकतेच्या धड्यातलं आणि पुरवठ्याच्या धड्यातलं एका रेषेवर येऊन बसलं. लोकलमध्ये उभी होते मी तेव्हा, परळ गेलं तरी त्याच विचारात. बारावीचं इको नसतं तर हा आनंद मला झाला नसता हे पण खरंय, कारण जोडायला हातात दोन तुकडे आधीपासून होते म्हणून ते जुळले.

तर ती सायन्सवाली मैत्रीण. दिवाळीपर्यंत ती माझ्या बरोबरीला आली आणि सीमांत खर्च, सरासरी खर्च आले तेव्हा पुढे गेली. कारण तिला गणितामुळे उतार म्हणजे काय हे हाडात मुरलेलं होतं, सीमांत म्हटलं की ती लगेच वक्राचा उतार बघायची. मी मात्र कोष्टकातून वजाबाक्या करत बसायचे. सीमांत खर्चाचा वक्र सरासरी खर्चाला त्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूतच का छेदतो हे तिने मला मार्कांवरून समजावलं, नवीन पेपरचे मार्क सरासरीपेक्षा कमी असतील तर सरासरी खाली येते, जास्त असतील तर वर जाते, मग वळण कुठे असणार? त्यानंतर ती आकृती मला पाठ करावी लागली नाही. सीबीएसईवाल्या एक-दोन मुली होत्या, त्यांनी बजेट लाइन (हातातल्या पैशांत काय काय घेता येतं ती रेषा) आणि इन्डिफरन्स कर्व्ह (सारखंच समाधान देणाऱ्या निवडींचा वक्र) अकरावी-बारावीतच बघितले होते. आपल्या बारावीच्या उपयोगितेच्या धड्यात उपयोगिता आकड्यात मोजता येते असं धरलेलं आहे, त्यामुळे हा भाग आपल्याला कोरा असतो. एनसीईआरटीच्या पुस्तकातून वाचून घ्या, त्याचीही पीडीएफ फुकट आहे.

आता क्लास. साडेचार हजार रुपये, सहा रविवार, सकाळी दहा ते एक, स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, एसी चांगला, बसायला जागा व्यवस्थित. शिकवणारे सर तळमळीने शिकवायचे, आवाज खणखणीत, वेळेवर यायचे, यात काही तक्रार नाही. पण सहापैकी चार रविवार बारावीचेच धडे गेले, झेरॉक्स नोट्स दिल्या त्यात व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व, मर्यादा. जाहिरातीत लिहिलं होतं की एफवायचा अर्धा पोर्शन आधीच पूर्ण, तर तसं झालं नाही. समीकरणावरून रेषा काढणं शेवटच्या रविवारी कसंबसं पाऊण तास झालं, आणि नेमका तोच पाऊण तास मला वर्षभर पुरला. मी पाचपैकी दोन देईन. बाबांनी त्या महिन्यात ओव्हरटाइम केला होता, म्हणून हे लिहिताना मला त्रास होतोय, पण मावशीने तेच परत करू नये असं वाटतं.

पुस्तकाला मी पाचपैकी चार देते, पण कोर्स बघून. बीकॉमला जात असाल तर बिझनेस इकोमध्ये मागणी, पुरवठा, खर्च, बाजाराचे प्रकार हे येतंच, बारावीचा चांगला आधार मिळतो, ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा असा बिंदू) वगैरे नवीन. बीएला माझ्यासारखं, सुरुवात सोपी आणि मग आकृत्यांवर मेहनत. बीएस्सी इकोला जायचं असेल तर मॅथ्सच आधी, बारावीत डेरिव्हेटिव्ह केलेले नसतील तर सुट्टी त्यातच घालवा. ऑटोनॉमस कॉलेज असेल तर सिलॅबस त्यांचा त्यांचा, आधी मागवून घ्या.

मॅक्रो, म्हणजे स्थूल अर्थशास्त्र, आल्यावर बारावीने मला जास्त साथ दिली, हेही सांगते. राष्ट्रीय उत्पन्न मोजायच्या तीन पद्धती, निर्देशांक, रिझर्व्ह बँक, अर्थसंकल्प, सगळं डोक्यात होतं. निर्देशांकाच्या दोन सूत्रांपैकी लास्पेअर म्हणजे आधारवर्षाचे नग आणि पाश्चे म्हणजे चालू वर्षाचे नग, एवढं बारावीत घोटलेलं असल्यामुळे ग्राहक किंमत निर्देशांक लास्पेअरच्या जातीचा आणि जीडीपी डिफ्लेटर (देशात बनणाऱ्या सगळ्या वस्तू-सेवांच्या किमतींचा निर्देशांक) पाश्चेच्या, म्हणून दोघांची महागाई वेगळी दिसू शकते, हे मला एका लेक्चरमध्ये समजलं, आणि त्या वेळी मैत्रीण माझी वही मागत होती.

मावशीला काल रात्रीच फोन केला की शनिवारी फी भरू नका. रविवारी बहीण भांडुपला येतेय, आलेख वही आणि पट्टी घेऊन ये म्हटलंय, पहिला प्रश्न मी कांद्याचाच देणार आहे.