हिरा: वजनाला मोठा की घडणीला चांगला?

भाचीने विचारलं, "मावशी, पूर्ण एक कॅरटचा 'गुड' कट घेऊ की ०.९० कॅरटचा 'एक्सलंट'?" कॅरट हे हिऱ्याच्या वजनाचं माप; कट म्हणजे घडण, आणि 'गुड'पेक्षा 'एक्सलंट' ही तिची वरची श्रेणी. दोन्ही गोल, रंग आणि शुद्धता सारखीच.

किंमत: एक कॅरटचा आकडा गाठला की दर कॅरटमागचा भावच चढतो. चांगल्या कटचे जादा पैसे धरूनही ०.९० बहुधा स्वस्त पडतो.

आकार: इथेच फसगत होते. नीट घडवलेला एक कॅरट साधारण ६.५ मिलिमीटर रुंद असतो. खोल कापलेल्या हिऱ्याचं वजन पोटात दडतं आणि तो वरून ६.२ भरतो, म्हणजे ०.९० एवढाच! म्हणून प्रमाणपत्रावर आधी मिलिमीटर वाच.

तेज: खालचे पैलू ४१ अंशांच्या आसपास असले की प्रकाश वर परततो. फार खोल हिरा मधोमध काळवंडतो. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच चमकतात, खिडकीपाशी नेऊन बघ.

टिकाऊपणा सारखाच, फक्त कडा फार पातळ नको, टवका उडतो.

रोज बोटात घालायचा असेल तर ०.९०च घे. पुढे मोडताना पूर्ण कॅरटचा आकडा हवाच असेल तर एक कॅरट घे, पण रुंदी ६.४च्या खाली नको.