फेट सिम्युलेशन्स वर्गात: कोणाला चालतात, कोण अडतं

हायस्कूलचं विज्ञान शिकवायला फुकट मिळणाऱ्या साधनांत कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट (PhET) सिम्युलेशन्सच्या, म्हणजे पडद्यावर हाताळून करायच्या प्रयोगांच्या, तोडीचं फारसं काही नाही. इंग्रजी न येणारं मूल इथे सहसा अडत नाही. न दिसणारं मूलही, सिम्युलेशन नीट निवडलं तर, अडत नाही. पण ज्याला दिसत नाही आणि इंग्रजीही येत नाही, ते मूल मात्र हमखास अडतं. अडचण एकेकटी आली तर फेटकडे तोड आहे, दोन हातात हात घालून आल्या की नाही. ज्या वर्गात तऱ्हेतऱ्हेची मुलं आहेत तिथे ही गोष्ट आधीच ठाऊक असावी, कारण साइटवर ती अशी स्पष्ट लिहिलेली सापडत नाही.

फेटची सुरुवात २००२ साली कार्ल वीमन यांनी केली. त्यांना २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं होतं. आधी फक्त भौतिकशास्त्र होतं, पुढे रसायन, जीवशास्त्र, गणित आलं. जुनी सिम्युलेशन्स जावा आणि फ्लॅश या जुन्या तंत्रांत होती. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद पडलं, पण तोवर बहुतेक चांगली सिम्युलेशन्स एचटीएमएल ५ मध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये थेट चालणाऱ्या तंत्रात, नव्याने लिहून झाली होती. जावातली काही अजून यादीत दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, फोनवर ती नीट चालत नाहीत आणि पुढची कुठलीच सोय त्यांत नाही.

इंटरनेटचं आधी बघू, कारण पहिला खोळंबा तिथेच होतो. एचटीएमएल ५ मधलं प्रत्येक सिम्युलेशन म्हणजे एकच फाइल, साधारण काही एमबींची. ती एकदा उतरवली की नेट लागत नाही, खातं उघडावं लागत नाही. मात्र ती सिम्युलेशनच्या पानावरच्या डाउनलोड बटणानेच उतरवायची. ब्राउझरमधलं ‘पान सेव्ह करा’ वापरलं तर साइटचं पान साठतं, सिम्युलेशन नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात रिकामी चौकट उघडते. दुसरी चूक फोनवर होते. मेसेजमधून आलेल्या फाइलवर बोट टेकवलं की फोन ती एखाद्या फाइल बघायच्या अ‍ॅपमध्ये उघडतो. तिथे एक तर पांढरा पडदा दिसतो किंवा चित्र दिसतं पण हलत नाही. ‘कशाने उघडायचं’ असं विचारलं की क्रोमसारखा खरा ब्राउझर निवडा. आयफोनवर फाइल उघडण्याचा हा मार्ग भरवशाचा नाही. तिथे नेट असताना साइटवरूनच चालवावं, नाहीतर फेटचं विकत मिळणारं अ‍ॅप घ्यावं.

आता सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सिम्युलेशन, डीसी सर्किट जोडणीचं. पेटीतून बॅटरी, वायर, बल्ब, रोध, स्विच काढायचे आणि टोकाला टोक लावायचं, जवळ नेलं की टोकं आपोआप चिकटतात. बॅटरी ९ व्होल्टची, बल्ब १० ओहमचा. एक बल्ब लावला की करंट मोजणारा अ‍ॅमीटर ०.९० अँपिअर दाखवतो. दोन बल्ब एकसर जोडणीत लावले की ०.४५, आणि हा आकडा बल्बच्या आधीही तोच आणि नंतरही तोच. ‘पहिला बल्ब करंट खातो, उरलेला दुसऱ्याला मिळतो’ हा पिढ्यान्पिढ्या चालत आलेला गैरसमज इथे दोन मिनिटांत उघडा पडतो. त्यासाठी एकच पथ्य पाळायचं: अ‍ॅमीटर लावण्याआधी प्रत्येकाकडून आकडा कागदावर लिहून घ्यायचा. आधी न लिहिता बघितलं, तर मुलं ‘असंच वाटलं होतं’ म्हणून मोकळी होतात.

पण खरी गंमत याच सिम्युलेशनच्या ‘लॅब’ नावाच्या पडद्यावर, प्रगत पर्यायांत आहे. तिथे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढवता येतो. तो शून्य असताना दुसरा बल्ब समांतर जोडा: पहिल्याचा प्रकाश तसाच राहतो, प्रत्येकात ०.९० अँपिअर, बॅटरीतून १.८०. पुस्तक म्हणतं तसंच. आता अंतर्गत रोध १ ओहम करा. एका बल्बला ९ भागिले ११, म्हणजे ०.८२ अँपिअर. दुसरा समांतर जोडला की एकूण रोध ६ ओहम, बॅटरीतून १.५० आणि प्रत्येक बल्बला ०.७५. पहिला बल्ब किंचित मंदावला. खऱ्या सेलवर प्रयोग करताना नेमकं हेच होतं आणि मुलांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. एक सरकपट्टी हलवून पुस्तक आणि प्रयोग यांच्यातलं भांडण मिटवता येतं, हे या सिम्युलेशनचं सगळ्यात मोठं काम. ०.८२ आणि ०.७५ मधला फरक डोळ्यांना जेमतेम जाणवतो, तेव्हा आकड्यावरच लक्ष ठेवायला सांगा.

आता खोट. इथली बॅटरी कधी उतरत नाही. नेहमीच्या बल्बचा रोध तापला तरी १० ओहमच राहतो, खऱ्या तारेचा वाढतो. शॉर्टसर्किट केलं की ज्वाळा दिसतात, पण काही जळून जात नाही, वायर काढली की सगळं पूर्ववत. त्यामुळे ‘शॉर्ट म्हणजे धमाल’ असा धडा घेऊन मुलं खऱ्या टेबलापाशी येतात. आणि निळे इलेक्ट्रॉन! ते वायरीतून तुरुतुरु पळताना दिसतात, प्रत्यक्षात तांब्याच्या तारेत त्यांची सरासरी पुढे सरकण्याची गती सेकंदाला मिलिमीटरचा अंश इतकीच असते. हे सांगितलं नाही तर बटण दाबताच इलेक्ट्रॉन बॅटरीपासून बल्बपर्यंत धावत जातो हेच चित्र डोक्यात पक्कं बसतं. निळे गोळे नकोच असतील तर ते बंद करून फक्त मीटर ठेवता येतात. याच सिम्युलेशनची ‘व्हर्च्युअल लॅब’ नावाची वेगळी आवृत्तीही आहे, तिच्यात ते मुळातच नाहीत. वरच्या इयत्तांना तीच द्यावी.

माउस न चालवता येणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या मुलांसाठी फेटने जे केलंय ते खरंच मेहनतीचं आहे, पण ते सरसकट सगळीकडे नाही. साइटच्या यादीत सुलभतेची वेगळी चाळणी आहे: कीबोर्डने चालणारी, आवाजातून बदल कळवणारी, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) वर्णन देणारी, स्वतः बोलणारी, मोठं करून सरकवता येणारी. या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कीबोर्डने चालतं म्हणजे वाचूनही दाखवतं, असं नाही. ही गल्लत फार होते. वर्णनाची सोय नसलेलं सिम्युलेशन स्क्रीन रीडरला जवळपास मुकंच असतं, पडद्यावर कितीही हललं तरी कानावर काही पडत नाही.

सुरुवात फुगा आणि स्थितिक विद्युत यापासून करावी. टॅबने फुग्यावर यायचं, स्पेस दाबून पकडायचा, बाणांच्या किंवा डब्ल्यू-ए-एस-डी या कळांनी हलवायचा, स्वेटरवर घासायचा, पुन्हा स्पेस दाबून सोडायचा. प्रत्येक टप्प्यावर रीडर सांगतो, फुगा कुठे आहे, त्याच्यावर ऋण प्रभार थोडे जास्त आहेत की बरेच, सोडल्यावर तो कुणीकडे गेला. आकडे सांगत बसत नाही, तुलना सांगतो, आणि या प्रयोगात तीच हवी. घोळ इथे होतो: एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचायच्या स्थितीत, राहिला की बाण फुगा हलवत नाहीत, वाक्यं वाचत सुटतात. इन्सर्ट आणि स्पेस एकत्र दाबून मोड बदलायचा. मुलाला वाटतं सिम्युलेशन बिघडलं, शेजारच्याला वाटतं मुलाला जमत नाही. दोन्ही चूक.

ओहमच्या नियमाचं सिम्युलेशन त्याहून साधं आहे. दोन सरकपट्ट्या, एक व्होल्टेजची, ९ व्होल्टपर्यंत, आणि एक रोधाची, १० ते १००० ओहम. उघडताच ४.५ व्होल्ट, ५०० ओहम, ९.० मिलिअँपिअर. सूत्रातली अक्षरंच लहानमोठी होतात. रोध १० ओहमवर आणून व्होल्टेज ९ केलं की ९०० मिलिअँपिअर, आणि करंटचं अक्षर इतकं फुगतं की पडद्यात मावत नाही. नजर अधू असलेल्या मुलाला आकडे न वाचताही कोण वाढलं, कोण घटलं ते कळतं. न दिसणाऱ्याला हीच अक्षरांची वाढ-घट शब्दांत ऐकू येते. फक्त कीबोर्डवर शंभर टक्के भागतं. वेगवेगळ्या क्षमतेच्या मुलांना एकाच बाकावर बसवून करण्याजोगं सिम्युलेशन विचाराल, तर हेच.

‘स्वतः बोलणारी’ सोय कोणासाठी, हे नीट समजून घ्या. ती दिसणाऱ्या पण वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी आहे. स्क्रीन रीडर चालू असताना तीही चालू केली तर दोन आवाज एकमेकांवर आदळतात आणि काहीच कळत नाही. एक बंद ठेवा.

आणि इथेच भाषेचा तिढा येतो. पडद्यावरचा मजकूर कितीतरी भाषांत आहे, मराठीतही बरीच सिम्युलेशन्स आहेत. पण बोलणारी सोय इंग्रजीतच आहे आणि स्क्रीन रीडरचं वर्णनही बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच. म्हणजे पाटी मराठी, बोलणं इंग्रजी. तोडगा एकच, आणि तो कष्टाचा आहे: जोडीला वर्णन समजणारं दुसरं मूल बसवायचं आणि त्याने मराठीत सांगायचं. अट ही की कळा न दिसणाऱ्या मुलाच्याच हातात राहिल्या पाहिजेत. नाहीतर एक जण प्रयोग करतो आणि दुसरा कॉमेंटरी ऐकतो. काळं-पांढरं, जवळ-लांब, वाढलं-घटलं असे पंधरा-वीस शब्द आधी दोघांना एका अर्थाने वापरायला शिकवले तर बरंच सोपं जातं.

अनुवादाबद्दल आणखी एक. तो स्वयंसेवक करतात, त्यामुळे शब्द पाठ्यपुस्तकाशी जुळतीलच असं नाही. पुस्तकात ‘रोध’ आणि पडद्यावर ‘प्रतिरोध’ अशी गत होऊ शकते, शिवाय अर्धवट अनुवादात राहिलेल्या पाट्या इंग्रजीतच दिसतात. तासाआधी स्वतः पूर्ण चालवून पाहा आणि पाच-सहा शब्दांची जोडयादी फळ्यावर लिहा. मुलांना दोन शब्दांचा त्रास होत नाही, दोन्ही एकाच गोष्टीचे आहेत हे कुणी न सांगण्याचा होतो.

ऐकू न येणाऱ्या मुलांची इथे फारशी गैरसोय नाही, कारण मुख्य माहिती डोळ्यांपुढेच असते. त्यांची अडचण सिम्युलेशनमध्ये नसून तास घेण्याच्या पद्धतीत असते. खुणा करणाऱ्याकडे बघायचं की पडद्याकडे? दोन्हीकडे एकदम बघता येत नाही. चालू सिम्युलेशनवर बोलत राहू नका. पॉज दाबा, सांगा, थांबा, मग चालू करा. ज्यांत पॉजचं बटण आहे तीच निवडा, वायूंच्या गुणधर्मांचं त्यांपैकी एक.

या वायूंच्या सिम्युलेशनमध्ये पंपाने कण भरायचे, तापमान, आकारमान, दाब बघायचे. चांगलंय, पण जड आणि हलके कण प्रत्येकी हजारापर्यंत भरता येतात आणि जुना फोन तिथे धापा टाकतो. दीडशे-दोनशे कणांत काम होतं. दाबाचा काटा थरथरतो तो बिघाड नव्हे, कण भिंतीवर आदळताहेत म्हणून थरथरतो. कण कमी केले की थरथर जास्त दिसते, आणि हे आवर्जून करून दाखवावं. पार्श्वभूमी काळी असते, उजेड असलेल्या खोलीत प्रोजेक्टरवर काही दिसत नाही, त्यासाठी सिम्युलेशनच्या प्राधान्यांत (Preferences) प्रोजेक्टर मोड आहे.

मुलांचं काम साठवता येत नाही, ही मोठी गैरसोय. पान पुन्हा उघडलं की अर्ध्या तासाचं सर्किट गेलं. खालच्या कोपऱ्यातल्या मेनूत स्क्रीनशॉटची सोय आहे, दर टप्प्याला तो काढायची सवय लावा. एकाच यंत्रावर तिघांपेक्षा जास्त मुलं बसवू नका आणि दर पाच मिनिटांनी माउस पुढच्याकडे जाऊ द्या, नाहीतर ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे तोच तासभर माउस धरून बसतो. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं कोणतीही सूचना न देता खेळू द्यावं, असं फेटचं स्वतःचंही म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. पायरीपायरीने लिहिलेली कृतिपत्रिका दिली की मुलं पडदा सोडून कागदच बघतात.

सर्किटच्या तासानंतर मात्र दीड व्होल्टचे दोन सेल, अडीच व्होल्टचे दोन छोटे बल्ब, होल्डर आणि सहा-सात वायरी हातात द्याच. पडद्यावर टोकं आपोआप चिकटतात. हातात आल्यावर कळतं की वायरीचं आवरण नीट सोललेलं नाही, बल्ब होल्डरमध्ये सैल आहे, सेल उलटा बसलाय. न दिसणाऱ्या मुलाने वायर बोटांनी चाचपत पूर्ण वाट एकदा फिरून घेतली की मग स्विच दाबायचा. बल्ब लागला की नाही ते त्याला कळावं म्हणून बल्बच्या जागी तीन व्होल्टवर वाजणारा छोटा बझर लावा. बझरला धन-ऋण असतं, लाल वायर सेलच्या धन टोकाकडे. उलटी लावली तर तो वाजत नाही.