जीमेशची आपोआप चौकोनी मेश: आठ महिने वापरल्यावर

मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरसाठी विंचखालच्या (जाळं ओढणाऱ्या यंत्राखालच्या) बेसप्लेटी आणि कप्पीचे ब्रॅकेट तपासून द्यायचं काम मी रत्नागिरीत करतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा दुरुस्त्यांची झुंबड. आज माप, परवा कटिंग. प्लेटीवर ताण किती येतो हे कॉम्प्युटरवर काढायचं तर आधी तिचे लहान त्रिकोण किंवा चौकोन पाडावे लागतात, त्या जाळीला मेश म्हणतात. दर प्लेटीची मेश हाताने बसवायला वेळच नसतो, म्हणून जीमेश (Gmsh) या मेश पाडणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळलो. ते मोफत आहे, जीपीएल परवान्याखाली.

त्रिकोणांवर का भागत नाही? तीन नोडच्या, म्हणजे फक्त कोपऱ्यांवर बिंदू असलेल्या त्रिकोणात स्ट्रेन (ताणाने आकारात होणारा बदल) सगळीकडे एकच धरलेला असतो, त्यामुळे तो वाकताना फार ताठ वागतो आणि प्लेट आहे त्याहून मजबूत दिसते. खवळलेल्या समुद्रात जाळं ओढणाऱ्या विंचखाली असं उत्तर मला नको.

जीमेश आधी त्रिकोणच काढतं, मग शेजारच्या दोन त्रिकोणांमधली रेघ पुसून चौकोन करतं. कोणाची जोडी कोणाशी, हे ब्लॉसम अल्गोरिदम ठरवतो. तो मुळात गणितज्ञ जॅक एडमंड्सचा, 1965 चा. पण जोडी कितीही हुशारीने लावली तरी समभुज त्रिकोणांतून तिरकेच चौकोन निघतात, 60 आणि 120 अंशांचे. म्हणून जीमेशच्या सेटिंगमध्ये टू-डी अल्गोरिदमला ‘फ्रंटल-डेलोने फॉर क्वाड्स’ (क्वाड म्हणजे चौकोन) निवडा. त्यात त्रिकोणच काटकोनाकडे झुकलेले येतात. हे सेटिंग कळेपर्यंत माझा महिना गेला.

कडेवरच्या भागांची एकूण संख्या विषम असेल तर निव्वळ चौकोनी मेश होऊच शकत नाही. हा गणिताचा नियमच आहे, सॉफ्टवेअर कुठलंही असो. मी आता भाग समच ठेवतो. तरीही कुठे त्रिकोण उरले तर ‘फुल-क्वाड’ हा पर्याय लावतो. त्यात एका चौकोनाचे चार आणि त्रिकोणाचे तीन चौकोन होतात, म्हणून सुरुवातीची मेश मोठी ठेवली जाते.

बोल्टच्या भोकापाशी मात्र सगळं आपोआपवर सोडू नका. एकाच दिशेने ओढलेल्या रुंद प्लेटीत लहान भोक असेल तर त्याच्या दोन बाजूंच्या काठांवर ताण तिप्पट होतो, हे किर्श या जर्मन अभियंत्याचं 1898 चं उत्तर. मी तेवढंच मॉडेल करून पाहिलं. दोन्ही काठांवर आकडा सारखा यायला हवा होता, तो वेगवेगळा आला, कारण दोन बाजूंचे चौकोन वेगळ्या आकाराचे पडले होते. आता भोकाभोवती एक मोठं वर्तुळ काढतो, मधल्या कड्याचे चार तुकडे करून त्यांना ट्रान्सफाइनाइट (ठरवलेल्या संख्येच्या नीट रांगांत चौकोन पाडायचं सेटिंग) लावतो आणि उरलेली प्लेट आपोआपवर टाकतो. पाच मिनिटांचं काम, पण दोन्ही आकडे जुळले आणि तीनच्या जवळ आले.

मेशवरून ताण काढणाऱ्या कॅल्क्युलिक्स या सॉफ्टवेअरसाठी आठ नोडचे चौकोन हवे असतील तर ‘इन्कम्प्लीट एलिमेंट्स’ चालू करा, नाहीतर सेकंड ऑर्डरला (कोपऱ्यांशिवाय बाजूंच्या मध्यावरही नोड असतात तेव्हा) नऊ नोडचे मिळतात.

परवा एका तांडेलाने (बोटीच्या म्होरक्याने) फोनवर विचारलं, “दहाची प्लेट चालंल ना?” प्लेट पुरत होती, पण मॉडेलमध्ये भोकांभोवतीचं कडं बसवायचं राहिलं होतं. म्हटलं, “भोकं बघून संध्याकाळी सांगतो.”